आठ पूर्णांक चार

बोअरचं पाणी: आठ पूर्णांक चार.
नळाचं, सकाळी, सात पूर्णांक सहा.
टँकर आला तर देव जाणे.
बादल्यांवर मार्करने आकडे लिहिलेत मी.
घणसोलीत, चौथ्या मजल्यावर,
ग्रिलच्या आत सात कुंड्या
आणि एक अनंत,
ज्याची पानं पिवळी होत चाललीत
शिरा तेवढ्या हिरव्या ठेवून,
नकाशावरून कुणी जमीन पुसावी
आणि फक्त नद्या ठेवाव्यात तसं.

लोह आहे मातीत. मला माहीत आहे.
गांडूळखत, निंबोळी पेंड, नारळाचा भुसा
मीच कालवलंय, कोपरापर्यंत हात घालून.
पण पाणी आठाच्या वर राहिलं
की लोह गप्प बसतं,
सगळं पाहिलेल्या साक्षीदारासारखं.

एकतीस वर्षं हेच काम केलं, रबाळ्याच्या लॅबमध्ये.
काचेचा इलेक्ट्रोड,
बफरच्या बाटल्या: चारची गुलाबी, सातची पिवळी, दहाची निळी.
म्हणून आता घरी, मगात व्हिनेगर,
थेंब मोजून.
साडेसहा झालं की थांबायचं.
रोज.
महिनाभरात अनंताने एक नवं पान काढलं नाही.

चांगुणाबाई वालाच्या शेंगा घेऊन आली,
लिफ्ट बंद, घामाने निथळत.
पाणी मागितलं. प्याली.
मग कुंडीतली चिमूटभर माती
मी "अहो" म्हणेपर्यंत जिभेवर.
"मीठ नाय," म्हणाली, "पन घाबरलेली हाय.
रोज चव बदललीस त ती कोनाशी जमवून घेल?
पाला टाक गो. नि जरा सोड तिला."
तिच्या सासऱ्याचं खाजण होतं,
आमची पार्किंग आहे तिथे.
खाडीला बांध घालून भात काढायचे.

रागच आला. पाला म्हणे!
पण रात्री झोप लागेना तेव्हा आठवलं,
बफर म्हणजे काय, हे नव्या पोरांना मीच शिकवायचे:
ढकललं तरी फार न हलणारं.
आणि त्या काळ्या ओल्या ढिगात
कुजणारी देठं, बुरशी, गांडुळं,
नाव नसलेले कोट्यवधी जीव
हेच तर करत होते, बाटलीशिवाय,
आणि मी रोज सकाळी येऊन
त्यांनी लावलेलं घर विस्कटत होते.

दुसरंही आठवलं, न बोलावता.
अठ्ठ्याण्णवचा जुलै, दुसरी पाळी.
नाल्यात सोडायचं पाणी.
मीटर म्हणत होता तीन पूर्णांक एक.
देसलेसाहेब म्हणाले, "सात लिहा, बाई."
मी सात लिहिलं.
सुवाच्य, गाठ नीट वळवून.
नाला खाडीला गेला.
खाडीकडे नोंदवही नव्हती.
चांगुणाबाईचा नवरा तेव्हा कुठे जाळं टाकायचा
हे मी तिला विचारलेलं नाही.

व्हिनेगर आता मिरच्यांच्या बरणीत.
वरच्या पिंटोंचा एसी ठिबकतो, त्याखाली डबा लावलाय:
मऊ पाणी, क्षारांचा गंध नसलेलं.
अनंताला ते, दिवसाआड.
बाकीच्यांना नळाचं, रात्रभर उघडं ठेवून.
मातीवर बदामाची लाल पानं,
रस्त्यावरून वेचलेली,
वॉचमन हसतो तरी.

मीटर कपाटात असतो.
महिन्यातून एकदा माती पाण्यात कालवते,
गाळते, बुडवते, थांबते,
आणि येतं ते लिहिते.
काल सहा पूर्णांक नऊ.
अजून उतरायला हवं. पण सहा पूर्णांक नऊच लिहिलं.

शुक्रवारी चांगुणाबाई येईल.
पाणी देईन.
मग, जमलं तर, तो जुलै.